४५ दिवसांत दीडपट पैसे! महागाईने पिचलेल्या बॉस्टनला गंडवणारा चार्ल्स पॉन्झी कोण होता?

दिवस वाईट असले की एक गोष्ट हमखास घडते. नोकरी गेलेली असते, पगार थकलेला असतो, एफडीवरच्या व्याजात घरखर्च भागत नसतो आणि नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन येतो. बहुतेकदा तो ओळखीतलाच असतो. नात्यातला, शेजारचा किंवा जुन्या ऑफिसातला. एक स्कीम आलीये, पैसे दीडपट होतात, त्याला स्वतःला मिळालेत, म्हणून तो आपुलकीने सांगत असतो.

अशी स्कीम बुडाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक शब्द ठरलेला असतो. पॉन्झी स्कीम.

हा शब्द आपण इतक्या वेळा वाचलाय, की पॉन्झी हे एका हाडामांसाच्या माणसाचं आडनाव होतं हेच विसरायला होतं. हा माणूस इटलीत जन्मला, अमेरिकेत भांडी घासली, दोनदा तुरुंगात गेला आणि मग अवघ्या आठ महिन्यांत एका अख्ख्या शहराची बचत गोळा करून बसला. त्याची गोष्ट वाचली की लोक अशा स्कीममध्ये पैसे का टाकतात हेही कळतं. कारण बॉस्टनचे ते हजारो लोक मूर्ख नव्हते. ते अडचणीत होते.

अडीच डॉलर घेऊन उतरलेला मुलगा

चार्ल्स पॉन्झीचं मूळ नाव कार्लो. ३ मार्च १८८२ रोजी उत्तर इटलीतल्या लुगो गावी त्याचा जन्म झाला. घराण्याला एकेकाळी बरे दिवस होते, पण ते सरले होते. आईची सगळी आशा या एका पोरावर होती. त्याला शिकायला रोमच्या विद्यापीठात पाठवलं. तिथे श्रीमंत घरची पोरं भेटली आणि कार्लोने अभ्यास सोडून त्यांच्यासारखं राहायला सुरुवात केली. पैसे संपले, पदवी काही मिळाली नाही.

त्या काळी इटलीतून जहाजं भरभरून माणसं अमेरिकेला जात होती. पॉन्झीही निघाला. १५ नोव्हेंबर १९०३ रोजी तो बॉस्टन बंदरात उतरला, तेव्हा त्याच्या खिशात अडीच डॉलर उरले होते. बाकीचे पैसे त्याने बोटीवरच जुगारात घालवले होते.

पुढची काही वर्षं त्याने मिळेल ते काम केलं. हॉटेलात भांडी घासली, जमिनीवर झोपून दिवस काढले. वेटरची बढती मिळाली, पण गिऱ्हाइकांना सुट्टे पैसे देताना हात मारतो म्हणून तिथून हाकललं. इंग्रजी मात्र तो चांगलं शिकला आणि गोड बोलण्याची कला तर अंगातच होती.

धडा मिळाला मॉन्ट्रियलच्या बँकेत

१९०७ साली पॉन्झी कॅनडातल्या मॉन्ट्रियलला गेला. तिथे लुइगी झारोसी नावाच्या माणसाची बँक होती. शहरातले इटालियन मजूर तिथे पैसे ठेवायचे आणि गावाकडे मनीऑर्डरी पाठवायचे. पॉन्झीला तिथे कारकुनाची नोकरी लागली.

या बँकेची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. इतर बँका दोन-तीन टक्के व्याज द्यायच्या, तर झारोसी सहा टक्के द्यायचा. मजुरांची रांग लागायची. पण बँकेने दिलेली कर्जं बुडत चालली होती. मग जुन्या ठेवीदारांचं व्याज द्यायचं कुठून? नव्या ठेवीदारांनी भरलेल्या पैशांतून. काही काळ हे खपून गेलं. मग बँक बुडाली आणि झारोसी मेक्सिकोला पसार झाला.

पॉन्झीने हे सगळं काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलं होतं. कष्टकरी माणूस तीन-चार टक्के जास्त मिळावेत म्हणून धावत येतो, हे त्याने पाहिलं. आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसावर तो चटकन विश्वास ठेवतो, हेही पाहिलं. आणि जोवर मागितलेले पैसे वेळेवर हातात पडतात तोवर ते नेमके कुठून येतात हे कुणी विचारत नाही, ही तिसरी गोष्ट तर त्याच्या डोक्यात पक्की बसली.

पण तेव्हा तो स्वतःच कफल्लक होता. एका कंपनीच्या कार्यालयातून चेक उचलून त्याने खोटी सही केली. रक्कम होती ४२३ डॉलर ५८ सेंट. पकडला गेला आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. सुटून अमेरिकेकडे निघाला, तर इटालियन माणसांना बेकायदा सीमेपलीकडे नेल्याच्या गुन्ह्यात अडकला आणि आणखी दोन वर्षं अटलांटाच्या तुरुंगात गेली.

या माणसाला एक दुसरी बाजूही होती. तुरुंगातून सुटल्यावर अलाबामातल्या एका खाणवस्तीत तो काम करत असताना तिथली एक परिचारिका भाजली. तिला लावायला कातडीची गरज होती. पॉन्झीने स्वतःच्या अंगावरची कातडी काढून दिली. पुढे लाखो डॉलर लुबाडणारा माणूस तो हाच. म्हणूनच समोरच्याचा चेहरा, वागणं आणि चांगुलपणा बघून पैसे द्यायचे की नाही हे ठरवता येत नाही.

१९१७ साली तो बॉस्टनला परतला. पुढच्याच वर्षी रोझ नेक्को नावाच्या इटालियन वंशाच्या तरुणीशी त्याचं लग्न झालं. नोकरी केली, सासऱ्याचं दुकान सांभाळून पाहिलं, व्यापाऱ्यांसाठी जाहिरातींचं पुस्तक काढायचा घाट घातला. एकही धंदा चालला नाही.

१९१९ चं बॉस्टन

आता जरा शहराकडे बघू, कारण खरी मेख तिथेच आहे.

पहिलं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. त्याच्या आदल्या वर्षी इन्फ्लुएन्झाच्या साथीने शहर झोडपून काढलं होतं. १५ जानेवारी १९१९ रोजी इटालियन लोकांच्या नॉर्थ एंड भागात काकवीची एक अवाढव्य टाकी फुटली आणि त्या लोंढ्यात २१ माणसं मेली. पण रोजच्या जगण्याला सगळ्यात मोठा फटका बसला होता तो महागाईचा. १९१४ ते १९२० या सहा वर्षांत अमेरिकेतल्या किमती साधारण दुप्पट झाल्या होत्या. म्हणजे युद्धाआधी साठवलेल्या १०० डॉलरमध्ये आता जेमतेम ५० डॉलरचं सामान येत होतं.

पगार त्या वेगाने वाढले नव्हते. सप्टेंबर १९१९ मध्ये तर बॉस्टनचे पोलीसच संपावर गेले. पगार, कामाचे तास आणि संघटना करण्याचा हक्क हे त्यांचे मुद्दे होते. अकराशेहून जास्त पोलीस संपात उतरले. त्यांना परत कामावर घेतलं गेलं नाही. जानेवारी १९२० पासून मंदीही सुरू झाली.

अशा वेळी सामान्य माणसाने काय करायचं? काटकसर करून बँकेत पैसे ठेवले तर वर्षाला साधारण पाच टक्के व्याज मिळायचं. महागाई त्याच्या कितीतरी पुढे पळत होती. प्रामाणिकपणे बचत करणारा दरवर्षी गरीब होत होता. बचतीचा सरळ रस्ता तोट्यात जातोय असं वाटायला लागलं की आडवाट दाखवणाऱ्याचं बोलणं पटायला लागतं. पॉन्झी नेमका या क्षणी आला.

पोस्टाच्या कुपनची करामत

१९१९ च्या उन्हाळ्यात पॉन्झीला स्पेनहून एक पत्र आलं. त्यात एक छोटा कागद होता. आंतरराष्ट्रीय उत्तर कुपन.

ही पोस्टाची एक साधी सोय होती. परदेशातल्या माणसाकडून उत्तर हवं असेल तर त्याला टपालखर्च आपणच पाठवायचा. पण आपल्या देशाचं तिकीट त्याच्या देशात चालत नाही. म्हणून १९०६ साली रोममध्ये झालेल्या जागतिक टपाल संघाच्या परिषदेत अशी कुपनं काढायचं ठरलं. एका देशात कुपन विकत घ्यायचं, दुसऱ्या देशात ते देऊन तिथलं तिकीट घ्यायचं.

कुपनचे दर ठरवले होते युद्धाआधीच्या चलनांच्या हिशोबाने. युद्धानंतर युरोपातली चलनं कोसळली. आधी एका डॉलरला पाचच्या आसपास इटालियन लिरा मिळायचे, ते १९२० च्या वसंतात वीसच्या घरात गेले. पण कुपनचा दर होता तिथेच होता.

हिशोब बघा. १ डॉलरचे २० लिरा. इटलीत त्यात ६६ कुपनं येतात. तीच कुपनं अमेरिकेत आणली तर प्रत्येकावर ५ सेंटचं तिकीट मिळतं. म्हणजे १ डॉलरचे झाले ३ डॉलर ३० सेंट!

कागदावर हे शंभर टक्के बरोबर होतं. पॉन्झीच्या बोलण्यातला हा एवढा भाग खरा होता आणि सगळी जादू त्यातच होती. जिचा एक तुकडा खरा असतो ती थाप पकडणं सगळ्यात अवघड.

अडचण पुढे होती. पोस्ट कुपनच्या बदल्यात रोख पैसे देत नव्हतं, तिकिटं देत होतं. लाखो तिकिटं विकायची कुणाला? शिवाय एका कुपनची किंमत पाच सेंट. दहा लाख डॉलरचा धंदा करायचा तर दोन कोटी कुपनं लागली असती. ती युरोपातल्या पोस्टांमधून गोळा करायची, बोटीने आणायची आणि परत पोस्टात मोजून द्यायची. हे होणं शक्यच नव्हतं. पॉन्झीने तसं काही केलंही नाही. पुढे कोर्टासमोर आलं, की लोकांच्या पैशांतून त्याने कुपनांचा असा धंदा कधी केलाच नव्हता.

१५० डॉलरचं भांडवल, तेही उसनं

डिसेंबर १९१९ मध्ये पॉन्झीने धंदा सुरू केला. भांडवल होतं १५० डॉलर आणि तेही उसनवारीचं. स्कूल स्ट्रीटवर ऑफिस थाटलं आणि नाव दिलं सिक्युरिटीज एक्स्चेंज कंपनी. नाव ऐकूनच काहीतरी भारदस्त, सरकारमान्य वाटावं असं.

ऑफर सोपी होती. पैसे द्या, छापील वचनचिठ्ठी घ्या. ९० दिवसांनी ५० टक्के जास्त मिळतील. प्रत्यक्षात पॉन्झी ४५ दिवसांतच पैसे द्यायचा. सांगितल्यापेक्षा निम्म्या वेळात पैसे हातात! पैसे घालून पुन्हा पुन्हा फिरवत राहिलं, तर वर्षाअखेर एका डॉलरचे पंचवीस होतील असा हा दर होता. बँकेत त्याच डॉलरवर पाच सेंट मिळत होते.

सुरुवातीला मोजकेच लोक आले. ४५ दिवसांनी त्यांना खरंच पैसे मिळाले आणि पुढची जाहिरात त्यांनीच केली. स्वयंपाकघरात, कारखान्याच्या गेटवर, चर्चच्या पायऱ्यांवर शेजारी शेजाऱ्याला सांगू लागला. सांगणारा खोटं बोलत नव्हता, कारण त्याच्या हातात नोटा आल्या होत्या. फसवणुकीचा निरोप प्रामाणिक माणसाच्या तोंडून येत होता.

त्यावर पॉन्झीने एजंट नेमले. आणलेल्या प्रत्येक रकमेवर १० टक्के कमिशन. मग एजंटांनी आपापले नातेवाईक आणि गल्ल्या पालथ्या घातल्या. कामगार, दुकानदार, विधवा बायका, पोलीससुद्धा रांगेत उभे राहिले. कुणी आयुष्यभराची पुंजी आणली, कुणी घर गहाण टाकलं. १ जुलै १९२० च्या सुमारास आठवड्याला दहा लाख डॉलर जमा होत होते.

गणित कुठे फसत होतं?

समजा दहा जणांनी १०० डॉलर दिले. जमा झाले १,०००. त्यातले १०० एजंटला गेले, उरले ९००. आता ४५ दिवसांनी द्यायचेत १,५००. कमी पडले ६००. हे आणायचे तर कमिशन धरून नवे ७ लोक लागतील. त्यांना द्यायला पुढचे १२ लागतील. त्यांना द्यायला २०. मग ३३. दर ४५ दिवसांनी नव्या माणसांची संख्या दीडपटीहून जास्त वाढलीच पाहिजे, नाहीतर गाडा थांबला. यात पॉन्झीने स्वतःवर उधळलेला एक पैसाही धरलेला नाही.

म्हणजे धंदा जितका वाढेल तितकं कर्ज वाढत होतं. पहिल्या दिवसापासून पॉन्झी दिवाळखोर होता आणि रोज जास्त दिवाळखोर होत होता. त्याला वाचवत होती एकच गोष्ट. मुदत भरली तरी बरेच लोक पैसे नेतच नव्हते. वाढलेली रक्कम चिठ्ठीवर बघायचे, खूश व्हायचे आणि पुन्हा तिथेच गुंतवायचे.

सहा महिन्यांत बंगला, मोटार आणि बँक

पॉन्झीने बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टनमध्ये मोठा बंगला घेतला. इटलीहून आईला आणलं. उंची सूट, हातात काठी, दिमतीला मोटार. ज्या हॅनोव्हर ट्रस्ट बँकेत तो लोकांचे पैसे ठेवत होता, त्या बँकेचे इतके शेअर घेतले की ती जवळपास त्याच्याच मुठीत आली. ज्याच्याकडे स्वतःची बँक आहे तो बुडेल कसा, असं लोकांना वाटायला लागलं.

मात्र आपल्या पैशांचं त्याने काय केलं होतं बघा. दीडपट करून देणारा हा माणूस स्वतःचे पैसे जमीनजुमला, शेअर आणि बँकेत ठेवत होता, स्वतःच्या स्कीममध्ये नाही. हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

एका आर्थिक लेखकाने इतका नफा शक्यच नाही असं लिहिलं, तेव्हा पॉन्झीने त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा ठोकून पाच लाख डॉलरचा निकाल मिळवला. त्यानंतर बराच काळ कुणी तोंड उघडलं नाही.

पहिला प्रश्न आणि डोनट वाटणारा पॉन्झी

जुलै १९२० मध्ये एका फर्निचरवाल्याने पॉन्झीवर दहा लाख डॉलरचा दावा लावला. सुरुवातीच्या दिवसांत आपण मदत केली होती, धंद्यात आपला वाटा आहे असं त्याचं म्हणणं होतं. दावा टिकला नाही, पण लोक विचारायला लागले. काल-परवापर्यंत फर्निचरचे पैसे द्यायची ऐपत नसलेला माणूस लखपती झाला कसा?

२४ जुलैला बॉस्टन पोस्ट या वर्तमानपत्राने पॉन्झीवर पहिल्या पानावर बातमी छापली. ती त्याच्या बाजूची वाटावी अशीच होती, त्यामुळे गर्दी आणखी वाढली. पण याच पेपरने पाठोपाठ अर्थविषयक पत्रकारितेतलं मोठं नाव असलेल्या क्लॅरेन्स बॅरन यांना गाठलं. बॅरन यांनी साधा हिशोब मांडला. पॉन्झी म्हणतो तेवढा धंदा व्हायचा तर १६ कोटी कुपनं फिरायला हवीत. प्रत्यक्षात जगात फिरत होती साधारण २७ हजार.

२६ जुलैला हे छापून आलं. त्याच दिवशी सरकारी चौकशीमुळे पॉन्झीने नवे पैसे घेणं थांबवलं. ऑफिसबाहेर पैसे परत मागणाऱ्यांची झुंबड उडाली. तीन दिवसांत १७ लाख डॉलरहून जास्त रक्कम वाटली गेली. पॉन्झी स्वतः गर्दीत फिरून लोकांना कॉफी आणि डोनट देत होता, हसून धीर देत होता. आणि काय झालं माहितीये? पैसे मिळतायत हे बघून कितीतरी लोक रांग सोडून घरी गेले. ते त्यांना फार महागात पडलं.

पॉन्झीने प्रसिद्धीसाठी विल्यम मॅकमास्टर्स नावाचा माणूस नेमला होता. कागदपत्रं पाहिल्यावर त्याला सगळं लक्षात आलं. २ ऑगस्टला त्याचा लेख बॉस्टन पोस्टमध्ये आला. पॉन्झी पार बुडालेला आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ११ ऑगस्टला मॉन्ट्रियलच्या खोट्या सहीचं जुनं प्रकरणही छापून आलं. सरकारी हिशोबतपासनिसाला देणी जवळपास ७० लाख डॉलरने जास्त सापडली. १२ ऑगस्टला पॉन्झीला अटक झाली.

या बातम्यांसाठी बॉस्टन पोस्टला १९२१ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

मागे काय उरलं?

आठ महिन्यांत पॉन्झीने लोकांकडून ९५ लाख ८२ हजार डॉलर घेतले होते आणि त्याबदल्यात १ कोटी ४३ लाख ७४ हजारांच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या. हॅनोव्हर ट्रस्टसह सहा बँका कोलमडल्या. ज्यांनी पॉन्झीला एक पैसाही दिला नव्हता, पण ज्यांचं खातं त्या बँकांत होतं, तेही भरडले गेले. गुंतवणूकदारांना कित्येक वर्षांच्या खेपांनंतर डॉलरमागे ४० सेंटसुद्धा परत मिळाले नाहीत.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. २ ऑगस्टच्या लेखानंतर काही जणांनी धावत जाऊन आपली मुद्दल सोडवून घेतली होती. आपण सुटलो असं त्यांना वाटलं. पण दिवाळखोरीचं कामकाज पाहणाऱ्या विश्वस्तांनी त्यांच्यावर दावे लावले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९२४ साली न्यायालयाने ठरवलं, की तिजोरीत उरलेले पैसे सगळ्याच फसलेल्यांचे होते, पुढे पळालेल्यांना ते एकट्याने नेता येणार नाहीत. त्यांना ती रक्कम परत करावी लागली. अशा स्कीममध्ये वेळेत बाहेर पडू म्हणणाऱ्याच्या हातातले पैसे दुसऱ्या कुणाचे तरी असतात.

तुरुंग, दलदल आणि रिओचं धर्मादाय रुग्णालय

टपालातून फसवणूक केल्याबद्दल पॉन्झीला पाच वर्षांची शिक्षा झाली. साडेतीन वर्षांनी तो सुटला, तर मॅसॅच्युसेट्स राज्याचे खटले वाट बघत होते. तीन खटल्यांनंतर सात ते नऊ वर्षांची शिक्षा झाली.

अपील चालू असताना हा पठ्ठ्या जामिनावर बाहेर येऊन फ्लोरिडाला गेला. तिथे तेव्हा जमिनींच्या भावाला उधाण आलं होतं. १९२५ साली त्याने जमिनीची नवी स्कीम काढली. ६० दिवसांत २०० टक्के नफा! त्यातली बरीचशी जमीन दलदलीची होती. पुन्हा पकडला गेला, पुन्हा जामीन मिळाला. मग डोकं भादरून, मिशा वाढवून खलाशाच्या वेशात इटलीच्या बोटीवरून पळाला, तर न्यू ऑर्लिन्सला सापडला.

१९३४ साली सुटका झाली. तो अमेरिकेचा नागरिक कधीच झाला नव्हता, त्यामुळे त्याला इटलीला पाठवून दिलं. योगायोग म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणारा अमेरिकेचा सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन हा आयोग त्याच वर्षी स्थापन झाला. पॉन्झीच्या कंपनीशी नाव जुळणारी खरीखुरी सरकारी संस्था.

रोझ त्याच्यासोबत गेली नाही. इतकी वर्षं ती थांबली होती, नंतर तिने घटस्फोट घेतला. पॉन्झी पुढे एका इटालियन विमान कंपनीच्या नोकरीवर ब्राझीलला गेला. दुसऱ्या महायुद्धात ती सेवा बंद पडली. शेवटची वर्षं तो अर्धवट दृष्टी गेलेला, लकव्याने खचलेला होता. १८ जानेवारी १९४९ रोजी रिओ दि जानेरोच्या एका धर्मादाय रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. जवळ ७५ डॉलर होते, तेवढ्यात त्याचा दफनविधी उरकला.

माणूस गेला, स्कीम राहिली

पॉन्झीने ही युक्ती शोधलेली नव्हती. त्याच्या चाळीस वर्षं आधी बॉस्टनमध्येच सारा हाऊ नावाच्या बाईने एकट्या राहणाऱ्या स्त्रियांकडून महिन्याला आठ टक्क्यांच्या वायद्यावर पैसे गोळा केले होते. १८९९ साली ब्रुकलिनच्या विल्यम मिलरने आठवड्याला दहा टक्के देऊ केले होते. तरी नाव पडलं ते पॉन्झीचं.

आपल्याकडेही हे प्रकार इतके झालेत की कायदे करावे लागले. १९७८ साली साखळी योजनांवर बंदी आली. महाराष्ट्राने ठेवीदारांच्या हितसंरक्षणासाठी १९९९ साली वेगळा कायदा केला, ज्यात ठेवी बुडवणाऱ्यांची मालमत्ता जप्त करता येते. २०१९ साली अनियंत्रित ठेव योजनांवर देशभर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला. एखादी कंपनी ठेवी घेऊ शकते का, हे रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर तपासता येतं आणि तिथे तक्रारही करता येते.

पण कायदा बहुतेकदा पैसे बुडाल्यावर हातात येतो. त्याआधी कामाला येतात ते बॉस्टनच्या लोकांनी विचारायचे राहून गेलेले तीन प्रश्न. नफा नेमक्या कोणत्या धंद्यातून येतोय आणि तो धंदा एवढा मोठा असू शकतो का? स्कीम चालवणारा स्वतःचे पैसे त्याच स्कीममध्ये ठेवतो का? आणि उद्यापासून एकही नवा माणूस आला नाही, तर माझे पैसे मला मिळतील का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं असेल, तर फोन करणारा कितीही जवळचा असो आणि त्याला कितीही पैसे मिळालेले असोत, ते पैसे स्कीमने कमावलेले नसतात. ते त्याच्यानंतर आलेल्या माणसाचे असतात. १९२० च्या जुलैमध्ये स्कूल स्ट्रीटवर रांगेत उभ्या असलेल्यांना घरी सांगायला कुणीतरी हेच सांगितलं असतं, तर बऱ्याच जणांची आयुष्यभराची पुंजी वाचली असती.